कॅरमवाली गल्ली

— नाई ओ ताई, तुमी काहून उठून राहिल्या? बसा ना, जागा बम आहे, मी पिशवी मांडीवर घेतो. हे पाहा, झालं. तुमचा नंबर कोनता, सव्वीस? माहा बावीस. आता अठरा चालू आहे — त्या फेटेवाल्या आजोबाचं — त्याईचा अंगठाच उमटून नाई राहिला मशीनवर, तिसऱ्यांदा धोतराले पुसून राहिले. घासून गरम केला का उमटते, मी सिस्टर होती ना, मले मालूम आहे. सांगू का जाऊन? जाऊ द्या. आज मी कोनाचं काई करनार नाई. आज मी घर घेऊन राहिली. घर! माह्या नावावर! — हाव हाव, हळू बोलतो. सकाळपासून असंच होऊन राहिलं, ऑटोवाल्याले सांगतलं, झेरॉक्सवाल्याले सांगतलं, अठी रजिस्ट्रीच्या ऑफिसाभायेर ज्यानं खरेदीचा कागद तयार केला त्याले बी सांगतलं का मी घर घेऊन राहिली. तो म्हने, बाई, म्याच लिहिलं ना हे. म्या म्हटलं, असू दे, पुन्हा ऐक.

नाव संध्या. संध्या वानखडे. मूर्तिजापूरच्या सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं काढले, मागच्या महिन्यात रिटायर झाली. बत्तीस वर्षं क्वार्टरमंदी राहिली मी, ताई. भिंतीले खिळा ठोकाचा त मनात भीती — सरकारची भिंत आहे. ह्या नव्या घरात मी पयल्या दिवशी खिळाच ठोकनार आहे. काई लटकवाचं नाई. नुसता खिळा. आमचे हे — करुणाचे बाबा, करुणा माही पोरगी — ते येऊन राहिले मागून. आतापर्यंत बडनेऱ्याले उतरले असतीन. आन घर देनारे ते तठी खांबाजवळ बसले, पांढरी टोपी, जानराव म्हनून. झोपले नाई ते, डोळे मिटून बसतात.

तुमी म्हनसान, मूर्तिजापूर सोडून अमरावतीच काहून? एक त तठी मले कोनी रिटायर होऊच नाई देत. भाजी घ्याले गेली त भाजीवाली पाय पुढं करते — सिस्टर, हे सूज पाहा. आन दुसरं… दुसरं असं का, माहे बाबा, देवमन नाव त्याईचं, गवंड्याच्या हाताखाली अमरावतीले कामाले येत. मी सात-आठ वर्षाची असन, एकदा मले घेऊन आले होते. अर्धं बांधलेलं घर, दारं नाई, खिडक्या नाई. दुपारी आमी त्यातच भाकर खाल्ली. बाबा बोट दाखवून सांगत — हे सैपाकघर होईन, ही न्हानी, अठी पलंग. म्या इचारलं, बाबा, आपन कोन्या खोलीत राहाचं? ते हसले आन म्हने, पानी पे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाले होती, ते आमी निवडली नव्हती, गावानंच निवडून देल्ली होती. त्याईनं काय, त्याईच्या बापानं बी कवा 'कोठी राहाचं' असा इचार केला नसन. मले करता आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना! म्हनून मी पुरे पाच महिने केला. साऱ्याईचं डोकं खाल्लं.

मले वाटे घर घेनं म्हन्जे लुगडं घेन्यासारखं असन. चार दुकानं पाह्याचे, भाव पाडाचा, उठून जाचं नाटक कराचं, आन दुकानदार मागून आवाज देते. अठी कोनी आवाजच देत नाई ओ! एजंट केला होता एक, कुलदीप नावाचा, एका मोटरसायकलवर दोन मोबाइल. पयल्याच दिवशी म्हने, ताई, सकाळी पाहिलेलं घर दुपारी राहत नाई, मधात जेवाले जाऊ नका. म्या म्हटलं, नाई जेवली त माही शुगर उतरते. पन खरं निघालं त्याचं. एक रो-हाउस पाहाले गेली त आत अकरा जन! अंजनगावचे केळीवाले, नांदगाव खंडेश्वरचे एक मास्तर, साऱ्याईले पोट्ट्याईच्या शिकवनीसाठी अमरावतीच पायजे. मी न्हानीत गेली, नळ सोडून पाहून राहिली पानी कसं येते — आन तेवढ्यात एकानं सैपाकघरात उभं राहून फोनवरच विसाराचे पैसे पाठवून देल्ले. मी भायेर निघाली त घर गेलेलं. अजून नळ बी बंद केला नव्हता म्या!

आन भाव? राहू द्या, भाव सांगाले बसली त आजोबाचा अंगठा उमटून जाईन. तेवढ्यात मूर्तिजापुरात दोन घरं आले असते आन वर बकरी. बरं, भावाचं त निपटते. आडनावाचं निपटत नाई. आपल्याकडे वानखडे कोनत्याबी समाजात सापडतात, तुमाले मालूमच असन. त घरमालक फोनवर इचारे, कोनते वानखडे? कुलदीप बिचारा फोनवर हात ठेवून माह्याकडे पाहे. एक जन म्हने, बाईचं कुलदैवत कोनतं? म्या म्हटलं, सांग त्याले — कुलदैवत नाई, पेन्शन आहे. बस, तठी घर 'आताच गेलं'. त्या आठवड्यात चार घरं असे आताच गेले. एकाचा बोर्ड दोन महिने झाले तरी लटकूनच होता. कोन्या नगरातला, नाव नाई घेत, तुमचं कोनी तठी राहत असन. राग येते ना, येत कसा नाई. रात्रभर उलटी-सुलटी होतो मी पलंगावर. पन राग घेऊन घर पाहाले गेलं का सारेच घरं वाईट दिसतात, म्हनून सकाळी तोंड धुतलं का पुन्हा मोटरसायकलच्या मागं बसली.

मंग म्या ठरवलं, घर कुलदीप दाखवीन, गल्ली मी पाहीन. टाइल फोडून दुसरी बसवता येते, शेजारीन नाई फोडता येत. स्टीलची एक वाटी घेतली, पर्समंदी टाकली. जे गल्ली बरी दिसन तठी जाचं, दार वाजवाचं, म्हनाचं — बाई, नवीन आली मी अठी, जराक विरजन देता का? बस. एवढंच. हसून राहिल्या ना? हसा हसा, करुणा बी… नाई, करुणा नाई हसली. पयले त तिच्याच बिल्डिंगमंदी केलं ना म्या, अकोल्याले. सहाव्या मजल्यावर राहते ते, जवाई बँकेत, आन तिच्या बाजूचाच फ्लॅट निघाला होता. म्हने आई, घेऊन टाक, अठी जिम बी आहे. म्या म्हटलं, बत्तीस वर्षं स्ट्रेचर ढकललं, आता मले जिम सांगून राहिली! ते कामाले गेली का मी वाटी घेऊन निघाली. तिसऱ्या मजल्यावरची दाराच्या भोकातून पाहे आन म्हने, कोनं पाठवलं तुमाले? पाचव्यावरची म्हने, खाली दुकानात दह्याचं पाकीट मिळते. म्या म्हटलं, दही नाई ओ पायजे, विरजन पायजे. म्हने, तेच ते. तेच ते! संध्याकाळी त्याईच्या सेक्रेटरीचा करुणाले फोन — मॅडम, तुमच्या आई वाटी घेऊन फिरून राहिल्या, घरी काई अडचन आहे का? पोरगी रडाच्या घाईले आली. मी पलंगावर लोळून लोळून हसली. पन फ्लॅट नाई म्हनून सांगतलं. तिले वाटलं, रागानं. रागानं नाई. लिफ्टमंदी चार दिवस तीच तीच मानसं भेटत, आन सारेच दाराच्या आकड्याकडे पाहत.

एकोनीस पुकारलं? आजोबाचं निपटलं वाटते. पाहा, किती खुश आहेत, अंगठा दाखवून राहिले साऱ्याईले.

मंग आमच्या लोकाईच्या एका कॉलनीत गेली, अठीच, अमरावतीत. करुणाच्या बाबाचं एकच म्हननं — आपल्या लोकाईत राहाचं, नाईतर मूर्तिजापुरातच राहाचं. आन खरं सांगू, मले बी तेच वाटे. बुद्धविहाराच्या समोरून गल्ली जाते, दाराईले निळे रंग, शिकलेले लोक, पोरी स्कुटीवर. पयल्याच दारी विरजन भेटलं. नुसतं विरजन नाई, बसवलं, पोहे देल्ले, आन इचारलं काय करता. म्या सांगतलं, सिस्टर होती. झालं! घरातून सासूबाई आल्या बीपी पाहाले, बाजूची आली, तिची नणंद आली, एक मामा रिपोर्टाची पिशवी घेऊन आले. विरजन आनाले गेली होती, सहा जनाईचं बीपी पाहून आली! जीव लावनारे लोक. त्याच गल्लीत एक घर होतं, मी हाव म्हननार होती — पन घरी जाऊन करुणाच्या बाबाले इचारतो म्हटलं, आन दुसऱ्या दिवशी नऊ वाजता कुलदीपचा फोन, ताई, आठलेच गेलं ते. मी दिवसभर तोंड पाडून बसली. आन… कोनाले सांगू नका ताई, मनातून जरासं सुटल्यासारखं बी वाटलं. तठी मी मरेपर्यंत सिस्टरच राहिली असती. चांगली सिस्टर, मानाची सिस्टर. पन मले आता नुसतं संध्या होऊन पाह्याचं आहे ओ. कोन आहे ते संध्या, मले बी मालूम नाई.

जयंतीले मी तठीच जानार आहे, बरं का. ते काई सुटत नाई.

आन मंग एका दिवशी कुलदीपले दुसरं गिऱ्हाईक आलं, त्यानं मले नाक्यावर उतरवून देल्लं, म्हने ऑटोनं जा. ऑटो भेटे ना. मी चालत निघाली आन घुसली एका गल्लीत — प्रभात ले-आऊट म्हनतात — संध्याकाळचे साडेपाच असतीन. पाहतो त काय! एका ओट्यावर पिंपावर कॅरम ठेवला आन चार बाया खेळून राहिल्या. माह्याच वयाच्या. एकीचे चष्मे दोन-दोन, एक डोळ्यावर एक डोक्यावर. आन भांडन! 'तुहा स्ट्रायकर रेषेवर नव्हता', 'होता', 'नव्हता', 'माह्या नातवाची शप्पत होता'. मी उभीच राहिली. मंग वाटी काढली आन म्हटलं, बाई, जराक विरजन देता का. त्यातली एक, केशरबाई, तिनं मान बी वर नाई केली. म्हने, माह्या हाताले पावडर लागलं आहे, तूच जा आत, सैपाकघरात फ्रिज आहे, खालच्या खान्यात दह्याचं गंज आहे, घे तुले लागन तेवढं.

ताई, मी गेली आत.

कसं सांगू तुमाले. माही माय, जाईबाई, गावात एका मोठ्या घरी गहू निवडाले जाये. अंगनात बसे. सूप आतून भायेर येये, निवडलं का सूप आत जाये. माय कवाच आत नाई गेली. पंचवीस वर्षं त्या घरचे गहू निवडले तिनं, आन मेली तवा बी तिले मालूम नव्हतं का त्या घराचं सैपाकघर कोन्या बाजूले आहे. आन मी अठी — ना ओळख ना पाळख, नाव नाई इचारलं, गाव नाई इचारलं — लोकाच्या फ्रिजसमोर उभी. खाली दह्याचं गंज, बाजूले अर्धं लिंबू, इन्सुलिनचं पेन. म्या चमचाभर घेतलं, झाकन ठेवलं, आन तशीच उभी राहिली. थंडी वाजून राहिली, तरी उभी. भायेरून आवाज — 'सापडलं का ओ? दार लावजा फ्रिजचं, बरफ साचते!'

भायेर येऊन म्या स्वतःच सांगतलं. म्हटलं, मूर्तिजापूरची आहे, संध्या वानखडे, आमी बौद्ध. कोनी इचारलं नव्हतं. पन मले वाटलं, सांगून टाकाव, मंग जे व्हाचं ते आताच होऊन जाईन. केशरबाईनं पयल्यांदा वर पाहिलं. म्हने, बरं. कॅरम येते का?

कॅरम येते का! ताई, मी अकोल्याच्या नर्सिंग होस्टेलची चॅम्पियन होती! अडतीस वर्षांत स्ट्रायकरले हात नव्हता लावला, लग्नानंतर कवा टाइमच नाई भेटला. पन बोटं विसरत नाईत ओ. पयल्याच डावात राणी घेतली, वर कव्हर बी. त्या दोन चष्मेवाल्या बाईनं मले शिवी देल्ली. खरी शिवी! इतकं बरं वाटलं मले. दिवे लागेपर्यंत खेळली, आन जातानी वाटी तठीच विसरली.

नाई, सारं गोड-गोड नाई सांगत तुमाले. कोपऱ्यावर एक घर आहे, तठची बाई दुसऱ्या दिवशी मुद्दाम आली, कोनते वानखडे म्हने. म्या सांगतलं. तवापासून ते बाई मी दिसली का दार लावून घेते. एक दार. गल्लीत बारा आहेत. मी मोजले. एका दारासाठी अकरा सोडू का?

आन नशीब पाहा, केशरबाईच्या समोरचंच घर इकाले काढलेलं! जानरावचं. त्याईची बायको चंदा गेली, ते आता पोरीकडे जानार. पन गिऱ्हाईक त मुंगळ्यासारखे. त्यात एक जन त लगीत पैसेवाला, त्याले घर पाडून चार मजली होस्टेल बांधाचं होतं. माह्यापेक्षा किती जास्त देत होता, ते सांगतच नाई, तुमीच म्हनसान का बाई, जानराव येडे आहेत का. मी रोज येऊ लागली. मूर्तिजापूरहून सकाळी गाडीनं बडनेरा, तठून अठी, दिवसभर कॅरम, संध्याकाळी वापस. साऱ्या बाया माह्या बाजूनं! त्याईले कोनाले होस्टेल पायजे, रात्रंदिवस मोटरसायकली? तो होस्टेलवाला गाडी घेऊन आला का आमी पिंप नेमकं त्याच्या गाडीसमोर ठेवो. तो हॉर्न वाजवे, केशरबाई म्हने, थांबा भाऊ, राणी बाकी आहे. एक दिवस त्यानं मलेच इचारलं — मी गल्लीचीच वाटली त्याले! — म्हने, काकू, अठी पान्याचं कसं आहे? आता पानी चांगलं येते, ताई, मोठा नळ आहे. म्या काय केलं, आभाळाकडे पाहिलं, आन म्हटलं — 'येते ना. येते कवा-कवा.' तो म्हने, गल्ली शांत आहे ना? म्या म्हटलं, 'दिवसा त शांतच आहे.' देवा! बत्तीस वर्षं पेशंटले खोटं नाई बोलली मी. त्या रात्री झोप नाई लागली. आनंदानं का पापानं, मालूम नाई.

पन त्यानं काई झालं नाई, तो त्याच्या भावावर कायमच होता. झालं ते येगळंच. जानरावनं घर स्वतः बांधलं आहे, ते आयटीआयमंदी गवंडीकाम शिकवत, सुट्टीच्या दिवशी पोट्टे घेऊन एक-एक भिंत उभी केली त्याईनं. त्या दिवशी आमी दोघंबी आत होतो, मी आन होस्टेलवाला. त्यानं भिंतीवर अशी मूठ मारली आन आपल्या इंजिनेरले म्हने, हे सारं काढून फेकाव लागन, दोन दिवसाचं काम आहे. आन मी तवा सैपाकघरात होती. भायेर काय झालं ते मले तवा मालूम नव्हतं, जानरावनं मागून सांगतलं. म्या आपलं इचारलं, भाऊ, अठी सकाळी ऊन कोन्या खिडकीतून येते? जानराव पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मले वाटलं, गेलं हे बी घर. मंग म्हने, ह्या. आठ वाजता ओट्यावर येते, साडेनऊले भांड्याईवर. चंदा तठी पोळपाट ठेवे. आन भायेर जाऊन त्या मानसाले म्हनते — साहेब, घर देल्लं म्या. कोनाले? ह्या बाईले. आन मी! मी सैपाकघरात एकटी फुगडी खेळली, ताई. ह्या वयात. गुडघा अजून दुखते.

वीस? वीस चालू. केशरबाई कोठी राहिली? चहाले गेली खाली. साक्षीदार आहे ते माही. दोन लागतात साक्षीदार, ओळख पटवाले, आधार कार्डासकट. एक केशरबाई. दुसरा कुलदीप होता, त्याले काल रात्री इचारलं त म्हने, ताई, मी उद्या होस्टेलवाल्यासंग प्लॉट पाहाले जाऊन राहिलो. गेला तो तिकडे. मंग दुसरे… आमचे हे येऊन राहिले ना.

नाई. खोटं बोलली मी. कोनी नाई येऊन राहिलं.

त्याईले सांगतलंच नाई म्या तोंडानं. अकरा दिवस झाले, आमी बोलत नाई. तुमी असं पाहू नका ताई, भला मानूस आहे तो, दारू नाई, शिवी नाई, मी रात्रपाळीले गेली त पोरीची वेणी घालून शाळेत पाठवे. ते शकुंतलेवर होते — आमची ल्हानी गाडी, नॅरोगेजची — फाटक आलं का गाडी थांबे, हे उतरत, फाटक लावत, गाडी पुढं निघे, हे फाटक उघडत आन पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढत. जन्मभर तेच केलं. गाडी बंद झाली, त्याईले स्टेशनवर दुसरं काम देल्लं, तिथून रिटायर झाले. तरी रोज संध्याकाळी रुळाकडे जातात. गवत वाढलं आहे कमरेइतकं. म्या घराचं सांगतलं त म्हने, मी गेलो आन गाडी चालू झाली त? म्या म्हटलं, चालू झाली त तिकीट काढून येऊ ना बसाले! ते हसले नाईत. म्हने, तू जा, तुले पायजे असन अमरावती, मी खोली करून राहीन अठीच, अन आपल्या लोकाईतून उठून कोनाकोनाच्या गल्लीत मले नाई राहाचं. आन मी… मी त्या दिवशी जास्त बोलली. म्हटलं, तुमी जन्मभर फाटकच लावत राहिले, गाडी दुसऱ्याईचीच गेली.

हे नव्हतं बोलाले पायजे. बत्तीस वर्षं इंजेक्शन देल्ले म्या, कोठी टोचलं का किती दुखते, हे मले मालूम असाले पायजे होतं.

त्याईनं चपला घातल्या, रुळाकडे गेले. आज सकाळी मी निघाली तवा झोपलेले होते, का डोळे मिटून होते, देव जाने. म्या एका कागदावर लिहिलं — आज खरेदी, अकरा वाजता, पत्ता असा असा — आन त्याईच्या कपाखाली ठेवला. 'या' असं नाई लिहिलं. लिहाले पायजे होतं का? तुमाले काय वाटते? राहू द्या, तुमी काय सांगनार, तुमाले त म्या बोलूच नाई देल्लं एवढ्या वेळाचं.

म्हनून ताई, एक इचारू? राग नका मानू. मघापासून तेच इचाराचं होतं, आन मी आपली विरजनापासून सुरू झाली. तुमच्याजवळ आधार कार्ड आहे का? तुमचं काई जानार नाई, फकस्त सही आन अंगठा, का ह्या बाईले ओळखता म्हनून. आता ओळखताच ना! करुणा नाई ओळखत एवढं तुमी ओळखता मले. पाच मिनिटं लागतीन, तुमचा सव्वीस यायच्या आत तुमी मोकळ्या. हाव म्हनता? हाव? माय माऊली! थांबा, पानी प्या, माह्या बाटलीतलं प्या. वास्तूले येजा तुमी, जेवाले. कॅरम येत नसन त शिकवतो. एकवीस! एकवीस पुकारलं! जानराव, ओ जानराव, उठा, आता आपलाच आहे — काढा ताई, काढून ठेवा कार्ड, अन एक झेरॉक्स बी लागन, खाली तठी —

थांबा.

तो दारात कोन आहे? पांढरा शर्ट… बटन चुकलेलं. ते आमचेच आहेत का ओ? तेच आहेत. पाहा कसे पाहून राहिले साऱ्याईकडे, म्हशीच्या बाजारात आल्यासारखे. इकडे! अहो, इकडे! करुणाचे बाबा! — काय म्हनता? गाडी लेट होती? हाव, लेटच असन. — हे काय आनलं? आधार कार्ड. दोन्ही बाजूच्या झेरॉक्स बी? तीन-तीन? कोनं सांगतलं तुमाले साक्षीदार लागते म्हनून? … कोनीच नाई सांगतलं. इचारलं. कोनाले इचारलं? मूर्तिजापुरात, काल. कालच! म्हन्जे कप उचलाच्या आधीच — बरं. बरं. नाई बोलत. — काय? संध्याकाळच्या गाडीनं वापस जाचं म्हनता. जा ना. कोनं अडवलं. आधी सही करा, मंग घर पाहा, केशरबाईच्या हातचा चहा प्या, आन मंग पाहू कोनती गाडी. — मी नाई रडून राहिली, पावडर गेलं डोळ्यात. कोनतं पावडर म्हन्जे? कॅरमचं. सांगतो, सारं सांगतो.

ताई, ठेवा तुमचं कार्ड पर्समंदी. राहू द्या, काम झालं. आमचे आले. लय बोलली मी, इसरून जा सारं, पान्याचं त नक्की इसरा —

बावीस! हाव साहेब, आमचाच! उठा, जानराव. — काय इचारून राहिले ते? लिहून देनार कोन? ते, टोपीवाले. आन लिहून घेनार? — लिहून घेनार मी, साहेब. ते नाईत, ते साक्षीदार. मी! संध्या देवमन… नाई, संध्या वानखडे, लिहा. मी घेनार.

सरका जराशा ताई, माहा पदर तुमच्या फाईलीखाली दबला.